सुईचं बोलणं

जाग आली ती नाक खाजतंय म्हणून. उजवा हात उचलायला गेलो तर तो फळीला बांधलेला, त्यात सलाइन लावलेलं. डाव्या हातानं नाक चोळलं तर खाज गालावर गेली, गालावरून मानेवर, मानेवरून पाठीवर, आणि उताण्या माणसाचा हात पाठीवर जाणार कसा? तोंडात थुंकी म्हणून नव्हती. जीभ टाळूला चिकटली होती ती सोडवून घ्यावी लागली. पाय होता, म्हणजे तो आहे हे कळत होतं, पण दुखणं माझं नसून शेजारच्या खाटेवरच्या कुणाचं तरी असावं इतकं लांब होतं. माझी बायको शालन उशाशी स्टुलावर बसली होती. तिचा चेहरा बघून क्षणभर वाटलं, आपण मेलो की काय. पण मेलेल्या नवऱ्याकडं बघून कुठली बायको इतकी प्रसन्न हसेल? तिनं ओला कापूस माझ्या ओठांवर फिरवला, पदरानं माझी हनुवटी पुसली आणि बाजारात गवार महागली असं सांगावं तसं सांगितलं, "भाऊजींशी बोललात तुमी. काल दुपारी."

"कुणाशी?"

"भाऊजींशी."

"मालोजीशी?"

"मग काय मला धा दीर हायेत?"

मी डोळे मिटले. मालोजी माझा सख्खा धाकटा भाऊ. पिंपळे गुरवात आमचं अंगण एक, नळ एक, मधली भिंत एक, आणि आठ-नऊ वर्षं आमच्यात शब्द नाही. साधा रुसवा असता तर गोष्ट वेगळी. आम्ही दोघांनी देव्हाऱ्यापुढं बेल-भंडार उचललेला होता, की मी याच्याशी आपणहून बोलणार नाही. खंडोबाचा भंडार हातात घेऊन माणूस जे बोलला ते बोलला, त्यात पुढं-मागं होत नाही, हे आमच्याकडं लहान पोरालासुद्धा माहीत असतं. आणि ही बाई सांगते, मी बोललो. मला तर काल दुपार अशी काही आल्याचंच आठवत नव्हतं.

काय आठवतं ते मी शोधू लागलो. परवाचं सगळं लख्ख होतं. पहिली पाळी, प्रेस शॉप, साखळीच्या कप्पीवर चढवलेला डाय, म्हणजे पत्रा दाबायचा अवजड लोखंडी साचा, त्याचं एका बाजूला कलणं, माझं मागं सरकणं आणि डाव्या पायाचं न सरकणं. मग कुणीतरी माझ्या नावानं ओरडलं. त्यानंतर चिंचवडचं हे इस्पितळ, मांडीपासून घोट्यापर्यंत पेटलेला पाय, आणि काल सकाळी ऑपरेशन. शुद्धीवर आलो तेव्हा मी लहान पोरासारखा रडत होतो, तेही आठवतं. मग इंदुताई सिस्टर आल्या, त्यांनी माझ्या दंडात सुई टोचली, "पेथिडिन आहे, आता बरं वाटेल," म्हणाल्या, आणि खरंच सांगतो, असं बरं मला जन्मात वाटलं नव्हतं. चुलीकडं पाठ करून बसल्यावर येते तशी ऊब कमरेतून वर सरकत आली. खाट जागची हलली, तरंगली, पण पडायची भीती नाही. वरचा पंखा मला फार आवडला. भिंतीचे पोपडे आवडले. आमच्या फोरमनबद्दलही मला माया वाटली, यावरून औषध किती जबर असेल याचा अंदाज करावा. सगळी माणसं चांगली आहेत, आपण उगाच कपाळाला आठ्या घालून हिंडलो, असं काहीतरी मनात चाललं होतं, आणि तेवढ्यात पवना नदीचं पाणी वॉर्डात आलं, म्हणजे तसं दिसलं, आणि पुढं काही नाही. नळ बंद करावा तशी आठवण बंद.

"काय बोललो मी?" मी विचारलं. शालन नुसती हसली आणि डबा धुवायला गेली. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, पण माझ्यावर कुरघोडी करायची संधी या बाईनं कधी दवडली नाही.

सांगितलं ते शेजारच्या खाटेवरच्या भिवानं. भिवा पिंपरीचा, औषधांच्या कारखान्यात बाटल्या भरायच्या खात्यात, हर्नियाचं ऑपरेशन होऊन पडलेला. त्याला हसायची बंदी होती, टाके उसवतील म्हणून, आणि तो पोटावर उशी दाबून सांगत होता. "राव, तुमचा भाऊ आला आन् तिथं खांबापाशी उभा ऱ्हायला. फेटा काढून हातात घेतलेला. बोलंना, बसंना. तुमी डोळं उघडलं आन् म्हनालात, मालू, नाक खाजतंय रे, खाजव."

"मी?"

"मग मी काय? त्यो बघतच ऱ्हायला. तुमी परत म्हनालात, अरं खाजव की मुडद्या, माजा हात बांधलाय. मग आला म्होरं, आन् बसला तुमचं नाक खाजवीत. चांगला तासभर. तुमी सांगायचं, हिकडं, तिकडं, कानामागं. त्यो गप खाजवतोय आन् डोळ्याला धार लागल्याली. मदीच तुमी इचारलं, जेवलास का? आन् मग उलटी आली तुमाला. सिस्टर तसराळं आनस्तवर त्यानं आपला फेटाच धरला तोंडाखाली. पार सगळा भरला फेटा."

नऊ वर्षांनी मी भावाशी बोललो, आणि काय बोललो? नाक खाजव. भगवंता, निदान काही बरं तरी बोलायचं होतं. माझं तोंड वापरून दुसराच कुणी बोलून गेला होता, आणि तो माझ्यापेक्षा बरा माणूस असावा अशी मला शंका येत होती. त्यानं मालोजीला मालू म्हटलं होतं. मालू हा शब्द मी लग्नानंतर कधी वापरला नव्हता. आई आम्हा दोघांना एका वाकळेत झोपवायची तेव्हाचा तो शब्द. मालूची पाठ सारखी खाजायची आणि माझी बोटं दुखून यायची, तरी तो म्हणायचा, दादा, अजून थोडं, आणि मी त्याला एक धपाटा घालून आणखी खाजवायचो. बहुधा धपाट्यानंच त्याला झोप लागायची.

बेल-भंडाराचं कारण एक बैल. आमच्या जमिनी कारखान्यांसाठी गेल्या तेव्हा घरटी एकाला नोकरी मिळाली. मी सातवी पास, मालोजी चौथीत मास्तरांना ढेकूळ मारून शाळेतून पळालेला. नोकरी मला मिळाली. त्यात कुणी कुणाचं हिसकावलं नव्हतं, आणि तोही तसं कधी म्हणाला नाही. पण सकाळी मी सायकलीला डबा अडकवून निघायचो तेव्हा तो गोठ्याच्या दारात उभा असायचा आणि मी वळणाआड होईपर्यंत बघायचा, एवढं मला पाठीला कळायचं. नदीकडची चिंचोळी पट्टी तेवढी उरली होती. तिच्यात बैलाला काम नव्हतं. तरी चांद्या होता, आमच्या वडिलांच्या हातचा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. एक दिवस पाळी संपवून आलो तर दावणीला नुसतं दावं. मालोजीनं तो चाकणच्या बाजारात नेऊन विकला होता. मी म्हणालो, मला विचारलं नाहीस? तो म्हणाला, तू त्याला शेवटचा कधी बघितलास? खरं बोलणं झोंबतं तसं खोटं झोंबत नाही. माझा आवाज चढला, त्याचाही चढला, आणि दोन शहाणे देव्हाऱ्याकडं धावले.

तेव्हापासून आमचा कारभार म्हशीमार्फत चालायचा. बैल गेल्यावर मालोजीनं म्हशी घेतल्या होत्या. "नळाला धार न्हाई, कुनीतरी बघाया पायजे," असं मी अंगणात उभा राहून म्हशीला सांगायचो, आणि म्हशीपलीकडं बसलेला मालोजी उठून नळाकडं जायचा. "उद्या पावनं येनार हायेत," तो म्हशीची पाठ थोपटत म्हणायचा, आणि मी घरात जाऊन शालनला जादा भाकरी टाकायला सांगायचो. बिचारी म्हैस दोन घरांचा संसार बघत होती. माझ्या थोरलीच्या लग्नात त्यानं मांडव घातला, पंगती वाढल्या, उष्टी काढली, आणि पोरगी सासरी निघाली तेव्हा गोठ्यात जाऊन बसला. मी गोठ्याच्या दारापर्यंत गेलो होतो. बोलायचं म्हणून नव्हे, सहज. आत ढुसढुस ऐकू आलं आणि मी परत फिरलो. बेल-भंडार आडवा आला.

आता तो मोडला होता. की नव्हता? सकाळभर मी याच विचारात पडलो होतो, आणि मधेमधे इस्पितळ आपले धडे देत होतं. लघवी होईना. भांडं लावलं तरी होईना. इंदुताई म्हणाल्या, "सुईनं होतं असं, घाबरू नका," आणि त्यांनी मोरीतला नळ सोडून ठेवला, त्या आवाजानं होते म्हणून. सगळा वॉर्ड कान देऊन वाट बघतोय असं मला वाटत होतं. झाली एकदाची, तर भिवानं टाळी वाजवायची खूण केली. पोट तर परवापासून संपावरच गेलं होतं. खाज ओसरत होती, पण गुंगी होती. बोलता बोलता वाक्याच्या मधेच डोळा लागायचा आणि जाग आल्यावर पुढचा शब्द सापडायचा नाही.

गावात असल्या बोलण्याचा निवाडा ठरलेला आहे. दारूच्या अमलात बोललेलं धरायचं नाही. रात्री ज्यानं आयमाय उद्धारली त्याला सकाळी आपण राम राम घालतो, तोही घालतो. अंगात आलेल्याचंही तसंच. तो त्याचा शब्द नसतो. सुईची भानगड गावात अजून कुणी निवडलेली नव्हती, पण ती या दोन्हींच्या पंगतीत बसायला हरकत नव्हती. शालन तेच म्हणाली. "अवो, इतका काय इचार करताय? शपथ मोडल्याली न्हाई. गुंगीत व्हता तुमी. मी सांगीन समद्यांला." भिवा मात्र उशी सावरत म्हणाला, "बेल-भंडार आमी कवाच सोडला, राव. पन बोलल्याला शबुद बोलल्याला. त्या मानसाचा फेटा खराब झाला, त्यो काय गुंगीत व्हता का?"

वाट सोपी होती. सुईचं होतं म्हणायचं, की मी सुटलो, खंडोबा सुटला, आणि घरी गेल्यावर परत म्हैस कामाला लागली. आणि मला ते नको होतं. हे कळलं तेव्हा माझा मलाच धक्का बसला. मला मालोजी हवा होता. त्याच्याशी नळाबद्दल बोलायचं होतं, म्हशीला वगळून. पण काल जो गोड माणूस बोलला तो मी नव्हतो, आणि मी बोलायला गेलो तर तो गोडवा माझ्या तोंडात येणार नव्हता. मी आत शोधून बघितलं. फोरमनबद्दलची माया तर पार उतरली होती. पंखा नुसता पंखा होता. मालोजीचं नाव मनात घेतलं की मात्र काहीतरी हलत होतं. ते माझं की औषधाचं, हे औषध उतरल्याशिवाय कळणार नव्हतं.

पहाटे परत दिलेलं औषध दुपारी उतरू लागलं. पाय लांबून निघाला आणि हळूहळू माझ्याकडं आला. आधी घोट्यात, मग नडगीत, मग तो पुरता माझा झाला. इंदुताई तबक घेऊन आल्या. मी म्हणालो, आत्ता नको. भेटायची वेळ झाल्यावर. त्या म्हणाल्या, "दौलतराव, दुखणं अंगावर काढायचं नसतं. मर्दपणाची बक्षिसं आमच्याकडे मिळत नाहीत."

"मर्दपना न्हाई ताई. भाऊ यायचाय."

"मग? सुई घेऊन भेटा भावाला."

"सुई घिऊन भेटलो काल," मी म्हणालो. त्यांनी शालनकडं बघितलं, शालननं मान खाली घातली. इंदुताई तबक घेऊन गेल्या.

मालोजी येईना. भेटायची वेळ सुरू झाली, वॉर्डात माणसं भरली, भिवाची बहीण आली, तिनं शेंगदाण्याची चटणी आणली, बाहेर कुठल्याशा कंपनीचा भोंगा झाला. पायात ठोके पडू लागले, प्रेस खाली येतो तसे, एका मापानं. घामानं उशी भिजली. मी चादरीचं टोक दातात धरलं. शालन म्हणाली, "घ्या की सुई. उद्या बोला." उद्या मी बोललो नसतो. मला माझी जात माहीत आहे. आणि आता सुई घेतली तर मालोजी आल्यावर मी पुन्हा गोड बोलणार, तो पुन्हा रडणार, आणि ते परत कुणाच्याच खाती जमा होणार नाही. म्हणून मी दाराकडं डोळे लावून पडलो. दारातून येणाऱ्या प्रत्येक परक्या माणसाचा मला राग येत होता. नऊ वर्षं हा माणूस माझ्या अंगणात सकाळ-संध्याकाळ होता आणि मी त्याची कधी वाट बघितली नव्हती. आता बघत होतो, आणि तो येत नव्हता, आणि मला भीती वाटत होती की काल मी काही भलतंच बोललो असेन, जे भिवानं मला सांगितलं नाही.

गर्दी पांगायला लागली तेव्हा तो आला. बोडक्यानं आला होता. केस एवढे पिकलेत हे मला कुठं ठाऊक होतं? दोन खाटा सोडूनच तो थांबला. माझ्याकडं एकदा बघितलं. माझे डोळे उघडे आहेत, ताळ्यावर आहेत, हे त्यानं ओळखलं असावं, कारण लगेच त्यानं नजर शालनकडं वळवली.

"वयनी," तो म्हणाला, "त्यांस्नी सांगा. कालचं बोलनं सुईचं व्हतं, मला ठावं हाय. मी काय ते धरल्यालं न्हाई. शपथ व्हती तशीच हाय. त्यांनी निवांत ऱ्हावं, जीवाला लावून घिऊ नये." त्यानं दुधाचा तांब्या खाटेखाली सरकवला आणि पाठ फिरवली.

तो मला माझी शपथ परत देऊन चालला होता. काल तासभर नाक खाजवून, ओकारी झेलून, आज माझी मान खाली जाऊ नये म्हणून सगळं बोलणं धुऊन पुसून माझ्या हवाली करत होता. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. दुपारभर मी शब्द जुळवत होतो. मालू, झालं गेलं विसरू. मालू, चुकलं रे. पण पायात घण पडत होता, आणि जुळवलेल्यातला एकही शब्द जागेवर नव्हता. तो दारापर्यंत पोचला. तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते सगळ्या वॉर्डानं ऐकलं.

"मालोजी! गाढवा! ही काय यायची येळ हाय? आन् आला न्हाई तवर चालला कुठं? दुपारधरनं हितं तुजी वाट कोन बगत बसलंय, तुजा बाप?"

भिवानं उशी पोटाशी घट्ट धरली. मालोजी वळला. तो माझ्याकडं बघत होता, माझ्या कपाळावरच्या घामाकडं, दातांनी चावून ओल्या केलेल्या चादरीकडं, आणि मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या इंदुताईंकडं, त्यांच्या हातातल्या तबकातल्या भरलेल्या सुईकडं. ती अजून टोचलेली नाही हे त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्याचा चेहरा पार बदलून गेला.

"बाप एकच हाय आपला, दादा," तो म्हणाला.

तो खाटेपाशी आला आणि शालननं रिकाम्या केलेल्या स्टुलावर बसला. नाकाखाली मिशा थरथरत होत्या. मला हसू फुटलं, हसण्यानं पाय आणखी दुखला, दुखण्यानं डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी कशाचं याचा मी हिशेब केला नाही. मी त्याचा हात धरला. शेणाधारांनी घट्टे पडलेला, राठ हात. काल हा माझ्या तोंडावरून तासभर फिरला होता आणि मला त्याची आठवण नव्हती. आज मात्र मला त्याचं एकेक बोट नीट कळत होतं.

"खंडोबाला काय सांगायचं?" तो खाली बघत हळूच म्हणाला.

"कुबड्या घिऊन जाऊ जेजुरीला. तू धरशील की मला."

"धरीन की."

मग मी इंदुताईंना हाक मारली. दंड पुढं केला. "द्या आता," मी म्हणालो. "आता काय वाटंल ते बरळलो तरी चालंल."